मी कापलेला समास

मार्च लागला, की आमच्या जुईची नखं काळी होतात. जुई माझ्या मुलाची मुलगी, इथल्याच कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला. परीक्षा आणि वार्षिक प्रदर्शन तिच्या अंगावर एकदमच येतात. मग दिवसभर लाकूड कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, छाप काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या धुतल्या फडक्याला हात पुसायचे. घरभर रॉकेलचा आणि छपाईच्या शाईचा वास. बाहेर कडुलिंबाला बारीक पांढरी फुलं आलेली. तो वास खिडकीतून आत येतो, हा वास आतून बाहेर निघतो, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दोघांची गाठ पडते. तिथं नेमकी मी उभी असते, हातात चिमटा घेऊन. पोळी करपते.

बहात्तराव्या वर्षी बाईनं असल्या वासानं हलू नये. पण एक मार्च असा आहे, जो माझ्या घरातून अजून गेलेलाच नाही. एकेचाळीस वर्षं झाली त्याला. पंखा, कूलर, एसी, सगळं बदललं. तो तिथंच बसलाय.

यंदा जुईनं विचारलं, "आजी, तू एवढी चित्रं घेतलीस. सांग ना, प्रिंट घेताना मोठी घ्यावी का छोटी? मर्यादित आवृत्तीच्या प्रिंटची किंमत आकारावर असते का? सर तोंडी परीक्षेत हेच विचारणारेत."

"मला विचारतेस? अगं, मी टेप घेऊन चित्रं घेणारी बाई."

ती हसली. तिला वाटलं, आजीची मस्करी. मस्करी कसली! शिंप्याकडं असते ना, पिवळी, गुंडाळून ठेवायची टेप, ती माझ्या पर्समध्ये असायची. लिपस्टिक विसरेन, टेप नाही. उस्मानपुऱ्यात आमचं घर नवं झालं होतं. यजमान कंत्राटदार, म्हणून हॉल असा बांधलेला, की ह्या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसानं हाक मारावी. सोफ्यामागची भिंत साडेअकरा फुटांची आणि मी एकतीस वर्षांची. ह्या दोन आकड्यांत त्या वेळची मी जवळजवळ पूर्ण सांगून होते.

ती एकतीस वर्षांची मालती मला आजही हॉलमध्ये दिसते. नायलॉनची साडी, मोठा अंबाडा, कंबरेवर हात, भिंतीकडं बघत उभी. कला महाविद्यालयाचा डिप्लोमा तिनं केला होता, त्याला आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत ब्रश फक्त दात घासायला धरला होता. पण बोलणं काय ते! "आम्हाला जरा कलेची आवड आहे." हे वाक्य ती वाण्याच्या दुकानातही म्हणायची.

शहरातल्या एका हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनातून तिनं पाच फुटांचे घोडे आणले. पाण्यातून उधळत येणारे. विकणारा खाली वाकून, कुणी ऐकेल अशा भीतीनं म्हणाला, "लिमिटेड एडिशन आहे, मॅडम." कोपऱ्यात सोनेरी आकडा छापलेला होता. पाच हजार प्रतींतली दोनशे बारावी. पाच हजार! एवढे घोडे निजामाच्या पागेतही मावले नसते. चित्रकाराची सहीसुद्धा यंत्रानंच छापलेली. सोबत लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र. मालतीबाईंनी घोडे फ्रेम केले आणि प्रमाणपत्रही फ्रेम केलं. घोडे वर, प्रमाणपत्र डोळ्यांच्या उंचीवर. येणाऱ्यानं आधी वाचावं, मग बघावं.

पश्चिमेची खिडकी होती. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत घोडे मांजरपाटाच्या रंगाचे झाले.

त्याच भिंतीच्या उजव्या बाजूला, बोळात वळताना, एक एवढंसं चित्र लावलं होतं. चार इंच बाय सहा इंच. ते आजही तसंच काळंकुळकुळीत आहे. ते कांतानं दिलेलं.

कांता साळवे माझ्या वर्गातली. आम्ही दोघी शेजारी बसून चार वर्षं एकाच तांब्याची चित्रं काढली. तिच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फळी होती, त्यावर तिची पुस्तकं आणि खडूंची पेटी. तिची आई मला बघितलं की म्हणायची, "ही आली बघ बिनकामाची मैतरीण. बस, भाकर खा." मी खायचे. पोटभर खायचे, ठेचा मागून घ्यायचे, आणि घरी जाऊन सांगायचे, की लायब्ररीत उशीर झाला. हे मला तेव्हा खोटं वाटायचं नाही. हुशारी वाटायची.

पुढं मी लग्न केलं, तिनं नोकरी धरली. गंगापूरच्या शाळेत चित्रकलेची बाई. तिथंच एक खोली घेऊन राहायची, सुट्टीत एसटीनं घरी. तिचा भाऊ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल बांधायच्या खात्यात होता. परदेशातून यंत्रं यायची ती लाकडी खोक्यांत. खोकी फोडली, की त्या फळ्यांचे तुकडे भाऊ तिला आणून द्यायचा. मऊ लाकूड, चार बोटं रुंद, फार तर पाच. त्यावर ती नखाएवढ्या धारेच्या अवजारानं कोरायची. मग शाई लावायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि पितळी वाटीच्या बुडानं मागून घासायचं. यंत्र नव्हतंच. वाटी आणि मनगट.

तो मार्चचा शेवटचा रविवार होता. मी जीपनं गंगापूरला गेले होते. चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि मी, पर्समध्ये टेप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे तोडलेले फड, पाचट पेटवलेलं, काळी राख जीपमध्ये उडून येत होती. माझी साडी पांढरी होती. सहलीला पांढरी साडी नेसून जाणारी बाई ही, हे लक्षात घ्या.

कांताची खोली हापशासमोर. दिवसभर दारात घागरींची रांग आणि हापशाचं कुईकुई. तिनं मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. फळीवर एक बाई कोरलेली. हापशावर वाकलेली, पाठमोरी. चेहरा नाही, हात अर्धेच. फक्त पाठ आणि त्या पाठीवर ताणलेल्या लुगड्याच्या दहा-बारा पांढऱ्या रेघा. बाकी सगळा काळोख.

"कोण गं ही?"

"शेजारची. मला रोज हीच दिसती. तोंड कधी बघितलंच नाय मी तिचं, सारखी वाकलेली."

"धर कोपरे," म्हणाली. मी कागदाचे कोपरे धरले, तिनं वाटीनं घासलं. घासताना तिच्या गळ्याची शीर हलत होती. एकेक छाप उचलताना कागद सुटल्याचा बारीक आवाज यायचा, साय निघाल्यासारखा. दोरीवर चिमटे लावून आम्ही ते वाळत टाकले. एक, दोन, तीन. सातवा निघाला आणि आठव्याला फळीनं कट्कन् आवाज दिला. बाईच्या पाठीतून उभी चीर गेली.

मला वाईट वाटलं. कांता हसली. "झाली आवृत्ती मर्यादित. लोक ठरवून थांबत्यात, आमचं लाकूडच थांबलं."

मग तिनं प्रत्येक छापाखाली, पांढऱ्या समासात, पेन्सिलनं आकडे घातले. डाव्या बाजूला सातांपैकी कितवा ते, उजव्या बाजूला पूर्ण नाव. कांता साळवे. अक्षर गोल, शाळेतल्या फळ्यावरचं. चौथा कागद तिनं माझ्यापुढं धरला.

"हा तुला. नव्या घराला."

कुणालाही वाटेल, त्या क्षणी मी काहीतरी बरं बोलले असेन. मी पर्स उघडली, टेप काढली आणि मोजलं. खरंच मोजलं. म्हणाले, "कांता, हेच जरा मोठं कर ना गं. आमची भिंत लई मोठी हाय."

 तिनं वाटी रॉकेलनं पुसायला घेतली. "भिंत तुझी मोठी हाय, मालती. लाकूड माझं एवढंच हाय."

ह्यावर मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

जुईचे सर म्हणतात, बाजाराचा हिशेब सरळ आहे. एकाच चित्रकाराच्या दोन प्रिंट असतील, तर मोठीला जास्त मिळतात. मोठा ठसा करणं अवघड, मोठा कागद महाग, मोठं यंत्र सगळ्यांकडं नसतं, आणि घेणाऱ्याच्या हॉलमध्ये ती दुरून दिसते. पण संग्रह करणारे जाणते लोक आधी आकार बघत नाहीत. प्रती किती निघाल्या, छाप स्वच्छ आहे का, सही हातची आहे का आणि समास शाबूत आहे का, हे बघतात. सगळं जुळलं तर तळहाताएवढा कागदसुद्धा भिंतभर चित्राला मागं टाकतो.

"आणि समास कापलेला असला तर?" मी विचारलं होतं. विळीवर कैरी चिरत होते, वर बघितलं नाही.

"मग काय राहिलं आजी? सर म्हणतात, समास कापला की प्रिंट अनाथ होते."

कैरीचा रस बोटाला झोंबला. काप नव्हता पडलेला, नुसतंच झोंबलं.

आकाराबद्दल मला स्वतःला जे कळलं, ते फार उशिरा आणि फुकट कळलं. मोठं चित्र माणसाला मागं सरकवतं. चार पावलं मागं जा, मग मी दिसेन, असं म्हणतं. आणि आपण मागं जातो, आपल्याबरोबर आणखी पाचजण मागं जातात, सगळे मिळून वा वा म्हणतात. कांताच्या बाईला बघायला मात्र वाकावं लागतं. एकावेळी एकानंच. नाक काचेला लागेल इतकं जवळ जाऊन, पाठ वाकवून. मग लक्षात येतं, की आपण तिच्यासारखेच उभे आहोत. बोळातून जाता-येता मी तिच्यापुढं कितीदा वाकले असेन, कुणाला कळू न देता. हॉलमध्ये पाहुणे घोड्यांची वाहवा करत असत आणि घरातली मालकीण बोळात चोरासारखी.

गेल्या पंधरवड्यात जुई घरी आली ती पळतच. महाविद्यालयानं कांता मॅडमच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन लावायचं ठरवलंय. कांताची छोटी छापचित्रं आता मुंबई-दिल्लीची माणसं शोधत येतात, हे मी वर्तमानपत्रात वाचत होते, कुणाशी न बोलता. जुई त्या प्रदर्शनाच्या कामात.

"आजी, मॅडमना काचबिंदू झालाय. एका डोळ्याचं गेलंच, दुसऱ्यानं थोडं दिसतंय, तेही किती दिवस माहीत नाही. त्यांना ते हापशावालं वुडकट सगळंच्या सगळं एका भिंतीवर बघायचंय. सातही. एकदाच. आम्ही सहा गोळा केले गं. एक तर थेट नांदेडहून आणला. चार नंबर सापडत नाही. मॅडमना विचारलं, तर म्हणतात, उस्मानपुऱ्यात गेला. कुणाकडं ते सांगत नाहीत."

मी माझ्या खोलीत गेले. घर दोनदा रंगवलं तसा तो कागद बोळातून खोलीत आला होता, औषधांच्या डब्यामागं. तो आणून तिच्या हातात दिला.

आधी तिचं तोंड उजळलं. मग तिनं फ्रेम उजेडाला धरली, आणि मी तिचा चेहरा उतरताना बघितला. काळं चित्र जिथं संपतं, तिथंच लाकडी पट्टी सुरू होत होती. मध्ये कागदाचा पांढरा दोराही नाही.

"आजी, ह्याचा समास कुठंय? नंबर? सही?"

"फ्रेम लहान होती गं," मी म्हटलं. "तेव्हा मिळेल त्या मापात बसवायचे."

एकेचाळीस वर्षं हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून ते ताजं राहिलं होतं. जुईनं विश्वास ठेवला. म्हणाली, "अरेरे, तुला माहीत नव्हतं ना." नातीनं आजीला इतक्या मायेनं माफ करावं आणि आजीनं ते गुपचूप घ्यावं!

मला माहीत होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्या धड्यात शिकवलं होतं.

शहागंजात एक फ्रेमवाला होता, सगळे त्याला चाचा म्हणायचे. दुकान एवढंसं, आत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास, चाचांच्या दाढीतही भुसा. मी कांताचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, खालची पट्टी कापून बसवा. त्यांनी चष्मा वर केला, कागदावर वाकले. अक्षर लावून वाचलं.

"बाई, ये किनारा नक्को काटो. इसमें नंबर हय, नाम हय. तस्वीर इत्ती-सी हय, पर पूरी हय."

"फ्रेम लहान पाहिजे मला."

"लहान कायकू? ये देखो, इसके माप की तैयार हय मेरे पास." आणि त्यांनी खरंच फळीवरून एक फ्रेम काढून समासासकट कागदावर ठेवली. तंतोतंत बसली. सागवानी होती, सुंदर होती. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "नको."

चाचा म्हणाले, "मैं नई काटता. कैंची उधर पड़ी. आपकी चीज, आपका हात." आणि माझ्याकडं पाठ करून ते काच कापायला लागले. काचेवर हिऱ्याची लेखणी ओढल्याचा तो किरकिरा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या आवाजात मी कात्री चालवली. बोटभर रुंद पट्टी खाली भुशात पडली.

पेन्सिलीतलं कांता मला चाललं असतं. पुढचं चाललं नसतं. आमच्याकडं येणारे लोक चित्र बघायच्या आधी नाव वाचायचे, आणि नावात आधी आडनाव वाचायचे. प्रमाणपत्र वाचायची सवय मीच लावली होती त्यांना. हॉलमध्ये कुणीतरी वाकणार, वाचणार, मग माझ्याकडं बघणार, काही न बोलता बघणार. त्या एका बघण्याला मी इतकी घाबरले. ते बघणं झालंही नव्हतं. होणार, एवढ्यावरच मी कात्री उचलली.

पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलं, सासूबाईंचा धाक होता. सासूबाई जुन्या वळणाच्या, गावची शेतीवाडी, सोवळंओवळं. हे सांगणं सोयीचं होतं, कारण तोवर त्या वारल्या होत्या. पण त्यातही राम नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि कांता घर बघायला आली. खांद्याला झोळी, हातात गंगापूरचा गूळ. मी तिला आधी घोडे दाखवले. ती "व्हय, लई मोठे हायेत" म्हणाली. मग बोळाशी आली आणि थांबली. वाकली. तिचं बोट काचेवर खालच्या बाजूनं, जिथं समास असायला हवा होता तिथून, डावीकडून उजवीकडं फिरलं. जिथं नाव संपलं असतं तिथं थांबलं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "कुणाचं गं हे चित्र? बाई कशी पाणी हापसती बघ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या चित्राबद्दल विचारलं होतं.

मी म्हणाले, "असंच. प्रदर्शनातून घेतलंय."

कांता माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

सासूबाईंनी तिला विचारलं, "तुम्ही कोण?" मी घाईनं मध्ये पडले, "गंगापूरला शिक्षिका आहेत त्या." पण कांतानं स्वतःच सांगितलं, सावकाश, वर्गात हजेरी दिल्यासारखं. "मी कांता साळवे. मालतीच्या वर्गातली."

 सासूबाई म्हणाल्या, "मग उभ्या का? बसा की. उन्हाचं आलात, पन्हं घेऊ." आणि त्या आत जाऊन पन्हं घेऊन आल्या, आमच्याच पेल्यांतून, आणि निघताना तिच्या झोळीत दोन बेसनाचे लाडू बांधून टाकले. त्यांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. पण करायचं ते त्यांनी केलं. म्हणजे धाकाचंही कारण गेलं. उरले मी.

कांता जाताना पायरीवर म्हणाली, "बरं दिसतंय घर." त्यानंतर ती आली नाही. मीही बोलावलं नाही. वर मनात म्हटलं, छोटं चित्र बोळात लावलं म्हणून रुसली असेल. बघा, तिथंही मी मापच पुढं केलं.

परवा सकाळी जुई आणि मी रिक्षानं कांताकडं गेलो. आता ती चिकलठाण्याकडं एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. जिन्यात पाण्याच्या निळ्या टाक्या ओळीनं, नळाला त्या दिवशी पाणी आलं होतं, सगळी इमारत भरण्यात गुंतलेली. दार तिनंच उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड. मान जराशी तिरकी करून, एका कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं.

"मालती का?"

"व्हय."

"जाड झालीस."

जुई हसली. मला हसता आलं नाही.

खोलीभर चित्रं भिंतीला टेकवलेली, पाठवायला तयार. टेबलावर सहा बायका ओळीनं, हापशावर वाकलेल्या, प्रत्येकीखाली पांढरा समास, त्यात तेच गोल अक्षर. एक, दोन, तीन, मग रिकामी जागा. मी फ्रेममधून काढून नेलेला कागद तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांशी नेला नाही. अंगठा खालच्या कडेवरून फिरवला. कापलेली कड सरळ नव्हती. घाईची कात्री जशी जाते तशी, मध्ये एक पायरी.

जुई पटकन म्हणाली, "मॅडम, तुम्ही मागच्या बाजूला पुन्हा सही कराल का? म्हणजे सेट पूर्ण होईल."

"नाय बाळा. ह्याच्यावर मी सही केलेली हाय. एकदा केली म्हंजे केली." तिनं कागद रिकाम्या जागी ठेवला. मग खणातून पत्त्याएवढी जाड कागदाची कार्डं काढली. "प्रत्येक चित्राखाली कार्ड लावायचंय. ज्याच्याकडून आलं, त्यानं लिवायचं. मालती, तू लिव. कुणाकडून आलं आणि कड का नाय ते."

मी पेन्सिल घेतली. कार्ड एवढंसं. हात चालला तसं लिहिलं.

"मला आता बारीक दिसत नाय," कांता म्हणाली. "जुई, तू वाच."

जुईनं वाचलं, "मालतीकडून. फ्रेम लहान असल्यामुळं समास कापावा लागला."

खालून बादल्यांचा आवाज येत होता. कांतानं ते कार्ड तिच्या हातातून घेतलं, दोन तुकडे केले आणि नवं माझ्यापुढं सरकवलं. रागानं नाही. शाळेत एखाद्याचं चित्र चुकलं, की नवा कागद द्यावा तसं.

"चाचा माझ्याही फ्रेमा करायचे, मालती. मी गुळाची ढेप घेऊन तुझ्याकडं आले ना, त्याच्या आधी त्यांच्याकडं गेले व्हते. ते म्हणले, तुमच्या सहेलीला मापाची फ्रेम दाखवली, उनों नको बोले."

म्हणजे ती पायरी चढली तेव्हाच तिला माहीत होतं. बघायला आली होती, की मी काय सांगते. आणि मी तिला घोडे दाखवले होते.

जुई माझ्याकडं बघत होती. मला वाटलं होतं, ते बघणं मी एकेचाळीस वर्षांपूर्वी चुकवलं. ते माझ्याच घरात वाढत होतं.

मी दुसरं कार्ड घेतलं. सासूबाई मनात येऊन गेल्या, त्यांना परत पाठवलं. लिहिलं. कार्ड लहान होतं, पण जागा उरली.

"झालं?" कांतानं विचारलं. "खाली नाव लिव. पूर्ण लिव."

मी लिहिलं आणि कार्ड जुईकडं दिलं. तिनं वाचायला सुरुवात केली. आवाज आधी तिचा होता, मग बारीक होत गेला.

"समास मी कापला. फ्रेम मोठी मिळत होती. समासात कांता साळवे असं नाव होतं, आणि ते माझ्या हॉलमध्ये कुणी वाचू नये, असं मला वाटलं. मालती..."

ती थांबली. कांता मान तिरकी करून वाट बघत होती. जुईनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, जसं काही अक्षर लागत नव्हतं.

"देशमुख," ती म्हणाली.

ते तिचंही आडनाव आहे.